मोजल्याविना पेरणी नको

गावातील किराणा दुकानदाराच्या काट्यावर सरकारी निरीक्षकाची मोहर असावी लागते. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये ती बंधनकारक असून ठरलेल्या मुदतीनंतर काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. किलोमागे पन्नास ग्रॅम साखर कमी भरली, तर गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडावयास उठते आणि ते योग्यच होय. परंतु त्याच गिऱ्हाइकाचे एकरी तीस किलो सोयाबीन ज्या यंत्रातून जमिनीत जाते, त्या यंत्राने किती बी सोडले आणि कोणत्या नळीतून किती सोडले, याची चौकशी कोणी करीत नाही. पेरणीयंत्र हाही एक काटाच आहे. फरक इतकाच की, या काट्यावर मोहर नाही आणि त्याने केलेली चूक दहा-बारा दिवसांनी, ओळी दिसू लागल्यावर, उघडकीस येते. तोवर वाफसा निघून गेलेला असतो.

पूर्वीच्या पेरणीत मोजणी नव्हती असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई स्वतःच मोजमाप होती. मुठीतून किती दाणे सुटतात, तिन्ही नळ्यांत ते सारखे पडतात की नाही, एखादी नळी मातीने तुंबून चाड्यात बी साचू लागले काय, हे तिच्या बोटांना आणि डोळ्यांना तत्काळ कळे. बैल रेंगाळले की तिची मूठ आवळे, बैलांनी पाय उचलला की ती सैल होई. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले होते आणि अमुक बाईच्या हातचे बी विरळ पडत नाही, असा लौकिक गावोगावी असे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने वेळ वाचविला, मजुरी वाचविली, परंतु ती मूठ काढून घेतली. बी आता झाकलेल्या पेटीत असते व खाचांच्या रुळावरून नळीत उतरते. ट्रॅक्टर चालविणारा पुढे पाहत असतो. मागे काय घडते हे कोणालाच दिसत नाही. म्हणून ‘आम्ही जन्मभर अंदाजानेच पेरले’ हे जुन्या जाणत्या शेतकऱ्याचे म्हणणे तिफणीपुरते खरे असले, तरी यंत्राच्या पेरणीस लागू पडत नाही. अंदाज घेणारा हातच तेथे राहिलेला नाही.

यंत्रावर बी कमीजास्त करण्याचा दांडा असतो व त्याच्या शेजारी आकडे कोरलेले असतात. पुष्कळ शेतकरी व यंत्रमालक त्या आकड्यांवर विसंबून राहतात. गेल्या वर्षी चौथ्या खुणेवर पेरले, यंदाही चौथ्याच खुणेवर पेरू, असा हिशेब सर्रास चालतो. वस्तुतः ते आकडे वजनाचे नसून केवळ खुणेचे असतात. एकाच खुणेवर बारीक दाण्याचे वाण वेगळे पडते, टपोऱ्या दाण्याचे वेगळे पडते. बीजप्रक्रिया केलेले बी अंगाला औषध व जिवाणूसंवर्धक चिकटल्याने कोरड्या बियाण्याइतके सुटसुटीत वाहत नाही. रूळ झिजला, चेन सैल झाली, चाकाचे दाते बोथट झाले, की तीच खूण निराळे बी देऊ लागते. एखाद्या नमुन्याच्या यंत्राची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत किंवा अन्य मान्य केंद्रात झालेली असते, हे खरे. पण ती त्या नमुन्याची चाचणी होय. पाच हंगाम गावभर फिरलेल्या व दोन वेळा वेल्डिंग केलेल्या यंत्राबद्दल ती काही सांगू शकत नाही.

मोजणीस लागणारे साहित्य अगदी थोडे आहे. एक मोजपट्टी, खडूचा तुकडा, फणांइतक्या पिशव्या आणि ग्रॅम दाखविणारा काटा एवढ्यात काम भागते. सोयाबीनसाठी पंचेचाळीस सेंटीमीटर अंतरावर पाच फण असलेल्या यंत्राचे उदाहरण घेऊ. प्रथम यंत्राची पेरणीरुंदी काढावी. येथेच पहिली चूक होते. कडेच्या एका फणापासून दुसऱ्या कडेच्या फणापर्यंत मोजले, तर ते अंतर १.८० मीटर भरते व तीच रुंदी धरली जाते. परंतु पाच फण पाच ओळींची जमीन व्यापतात. म्हणून पाच गुणिले ०.४५, म्हणजे २.२५ मीटर ही खरी रुंदी होय. १.८० धरून केलेला सगळा हिशेब चौथाईच्या फरकाने फसतो.

त्यानंतर यंत्राला गती देणाऱ्या दातेरी चाकावर खडूची खूण करावी व पेटीत बी भरून, फण जमिनीत घालून, तयार केलेल्या रानात यंत्र चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवावे. हे अंतर मोजावे. चाकाचा घेर दोरीने मोजून भागत नाही, कारण भुसभुशीत रानात चाक थोडेफार घसरते. ही घसरण प्रत्यक्ष रानात चालविल्यानेच हिशेबात येते. दहा फेऱ्यांत यंत्र वीस मीटर गेले असे धरू. म्हणजे एका फेऱ्यास दोन मीटर, आणि २.२५ मीटर रुंदीने साडेचार चौरस मीटर पेरणी झाली. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा असतो. तेव्हा चार गुंठ्यांस, म्हणजे एकराच्या दहाव्या हिश्शास, चाकाचे नव्वद फेरे लागतात.

आता यंत्र उचलून त्याखाली भक्कम टेकू द्यावेत व ट्रॅक्टर बंद करावा. टेकूवाचून, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर, उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये. जे बी पेरावयाचे तेच, प्रक्रिया करून सावलीत सुकविलेले, पेटीत भरावे. ते हाताळताना हातमोजे घालावेत. प्रत्येक नळीच्या तोंडाशी पिशवी बांधावी. रुळाच्या खाचा भरण्यासाठी चाक दोन-चार वेळा फिरवून ते बी परत पेटीत टाकावे आणि मग मिनिटाला तीस फेरे या बेताने नव्वद फेरे मोजून फिरवावेत. या फिरविण्यास तीन मिनिटे पुरतात. एकरी तीस किलो पेरावयाचे असेल, तर पाची पिशव्यांत मिळून तीन किलो बी पडले पाहिजे. तीन किलो नऊशे ग्रॅम पडले, तर एकरी एकोणचाळीस किलो बी जाणार आणि दहा एकरांच्या पेरणीत तीन एकरांचे बियाणे अधिक खर्ची पडणार. दांडा सरकवून पुन्हा फिरवावे. दोन-तीन खेपांत मेळ बसतो.

बहुतेक ठिकाणी, जेथे मोजणी होते तेथेही, ती येथेच थांबते. हे अपुरे आहे. पाची पिशव्या एकत्र ओतून वजन केले, तर खरा दोष झाकला जातो. प्रत्येक पिशवी स्वतंत्रपणे तोलली पाहिजे. बरोबर तीन किलो भरलेल्या मोजणीतही एका पिशवीत सातशे ऐंशी, दुसरीत सहाशे चाळीस, तिसरीत सहाशे, चौथीत पाचशे साठ आणि पाचवीत चारशे वीस ग्रॅम असे असू शकते. बेरीज निर्दोष, पेरणी सदोष. दाण्याचे वजन शंभरास बारा ग्रॅम व उगवण शेकडा सत्तर धरली, तर पाचव्या ओळीत मीटरला तेरा-चौदा रोपे आणि पहिल्या ओळीत पंचवीस रोपे उभी राहतात. दाट ओळीतील रोपे उंच वाढून फांद्या कमी धरतात व लोळतात. विरळ ओळीत तण माजते. शेतकरी बांधावरून पाहतो आणि ‘बी सारखे उगवले नाही’ असे म्हणतो. बी उगवले, पण सारखे पडलेच नव्हते. शंभरात पाच-सातचा फरक रानात खपून जातो. त्याहून अधिक फरक असल्यास त्या नळीचा रूळ, त्याच्या तळाचा झडपा व नळीचा वाक तपासावा.

पिशव्यांतील बी हातावर घेऊन पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. सोयाबीनचे टरफल पातळ असते व अंकुर टरफलालगतच असतो. रुळाची फट कमी असली, तर दाणे चेपतात, फुटतात किंवा वरून धड दिसूनही आतून मुके होतात. उगवणशक्ती तपासलेले बी यंत्रातच मारले गेले, तर बियाण्याच्या पिशवीवरील खुणेचिठ्ठीला दोष देऊन उपयोग काय?

बियाण्याचे प्रमाण ठरविताना ‘एकरी तीस किलो’ हा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. तो शेकडा सत्तर उगवण व मध्यम दाणा गृहीत धरून सोयीचा ठरतो. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पंच्याऐंशी उगवले, तर त्याच रोपसंख्येसाठी पंचवीस किलोही पुरतात. शंभर दाणे काट्यावर ठेवून ते दहा ग्रॅम भरतात की चौदा, हे पाहण्यास दोन मिनिटे लागत नाहीत. दहा ग्रॅमचा दाणा असेल, तर तीस किलोत मीटरला तेहतीस दाणे पडतात. चौदा ग्रॅमचा असेल, तर चोवीस पडतात. वाण बदलले की मोजणी बदलावी लागते ती यामुळेच. चकतीने एकेक दाणा टाकणाऱ्या यंत्रात, उदाहरणार्थ रुंद वरंबा-सरी यंत्रात, वजनाऐवजी दाण्यांची गणना करावी. कठीण जागेवर दहा मीटर यंत्र चालवून प्रत्येक ओळीत पडलेले दाणे मोजले म्हणजे चकती योग्य आहे की नाही ते समजते.

खोलीचा प्रश्नही याच सदरात येतो. सोयाबीनचे बी तीन ते चार सेंटीमीटर खोल पडावे. उगवताना त्याला आपली दोन्ही दले उचलून मातीबाहेर काढावी लागतात. ते पाच सेंटीमीटरच्या खाली गेले आणि वर पावसाने पापुद्रा धरला, तर दले मातीतच अडकतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून मोठ्या संख्येने आल्या होत्या. सदोष बियाणे विकणाऱ्याला कायद्याने जाब विचारलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अशा वेळी होणाऱ्या पंचनाम्यात पेरणी किती खोल झाली, एकरी किती बी पडले व कोणत्या यंत्राने पेरले, याची नोंद शेतकऱ्यापाशी नसेल, तर त्याची बाजू लंगडी पडते. विक्रेता ‘तुमची पेरणीच चुकली’ असे म्हणतो आणि ते खोडून काढण्यास शेतकऱ्याच्या हाती काही नसते. मोजणीचा कागद हा त्या दिवशी शेतकऱ्याचा साक्षीदार ठरू शकतो. हा फायदा सहसा कोणी सांगत नाही.

मोजणीस वेळ नाही, ही तक्रार यंत्रमालक नेहमी करतात. त्यांचे दुःख समजण्याजोगे आहे. पुरेसा पाऊस होऊन वाफसा आला, की काळ्या रानात दोन-चार दिवसांचीच संधी असते. दहा शेतकरी एकाच यंत्राची वाट पाहत असतात आणि भाडे एकराच्या हिशेबाने मिळते. अशा वेळी अर्धा तास यंत्र उभे ठेवणे त्याला परवडत नाही. पण हा युक्तिवाद मोजणी पेरणीच्या दिवशी करावयाची असे गृहीत धरतो. ती त्या दिवसाची गोष्टच नव्हे. रोहिणी नक्षत्र लागते, म्हणजे पंचवीस मेच्या सुमारास, यंत्र मोजून तयार असले पाहिजे. पेरणीच्या दिवशी फक्त बी बदलले असल्यास तेवीस फेरे, म्हणजे गुंठाभर, फिरवून पाहावे. तीस किलोच्या हिशेबाने त्यात सुमारे पाऊण किलो बी पडले की काम झाले.

शिवाय यंत्र उभे राहण्याची खरी कारणे पाहिली, तर मोजणीने वेळ जात नाही, उलट वाचतो. खरीप संपल्यावर खताची पेटी न धुता यंत्र गोठ्याच्या वळचणीला लावले जाते. उरलेले खत हवेतील दमटपणा ओढून घेते, रूळ गंजतो व जागीच धरतो. नळ्यांत कुंभारीण माशी मातीची घरे बांधते. चेनची एखादी कडी ताठरते. हे सारे दोष आठ महिने झाकलेले राहतात आणि मृगात, भरल्या पेटीसह, रानाच्या मधोमध प्रकट होतात. मग तालुक्याला माणूस धाडा, दुकान उघडे असेल तर सुटा भाग आणा, नसेल तर उद्या, आणि उद्या पाऊस! मेमध्ये चाकाचे नव्वद फेरे हाताने फिरविले, तर यांतील जवळजवळ प्रत्येक दोष हाताला जाणवतो. चाक जड लागले, चेन उसळली, एखादी पिशवी रिकामी राहिली, की वैद्याने नाडी पाहिल्याप्रमाणे यंत्राचे दुखणे कळते. दुरुस्तीला पंधरा दिवस हाताशी असतात. चेनची जोडकडी, काही पिना व दोन जादा नळ्या यंत्राबरोबरच्या पेटीत ठेवल्या, तर हंगामातील निम्मी धावपळ टळेल. यंत्र उभे असताना फण जमिनीत टेकवू नयेत, चालत्या यंत्राचे फण खाली सोडावेत, एवढी एक सवय लावली तरी नळ्या मातीने तुंबण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

या बाबतीत सरकारी यंत्रणेकडेही काही बोट दाखविणे भाग आहे. कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्र पुरस्कृत उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले व अनुदानावर पुष्कळ यंत्रे गावोगावी आली. अवजारे बँका उभ्या राहिल्या. हे इष्टच झाले. परंतु अनुदानाच्या वेळी यंत्राचे बिल पाहिले जाते, जागेवर जाऊन यंत्र पाहिले जाते, त्याचे छायाचित्र घेतले जाते, आणि ते यंत्र एकरी किती बी सोडते हे विचारले जात नाही. यंत्रांची संख्या मोजली गेली, यंत्रे मोजली गेली नाहीत. न मोजलेल्या नव्या यंत्रापेक्षा मोजलेले जुने यंत्र शेतकऱ्यास अधिक हिताचे होय, हे विक्रेत्यास रुचणार नाही, तथापि ते खरे आहे. भाड्याने यंत्र देणाऱ्या प्रत्येक केंद्राने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस वाण, दाण्याचे वजन, दांड्याची खूण, एकरी पडलेले बी आणि मोजणीची तारीख असा तक्ता लावावा व तो पाहिल्याविना शेतकऱ्याने भाडे ठरवू नये. असा आग्रह दहा शेतकऱ्यांनी धरला, तर अकराव्यास तो धरावा लागणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यासाठी निराळी सभा भरविण्याची गरज नाही. व्याख्यानाने यंत्र मोजले जात नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गावातील सर्व पेरणीयंत्रे शाळेच्या पटांगणात बोलवावीत, दूध संकलन केंद्रातील काटा तेवढ्यापुरता मागून घ्यावा आणि सर्वांत जुन्या यंत्रापासून आरंभ करावा. रानातले दहा फेरे यंत्रमालकाने आदल्या दिवशीच मोजून आणावेत. ज्या घरातील बाईने पूर्वी चाड्यावर मूठ धरली असेल, तिला पिशव्यांतील बी पाहण्यास बोलवावे. कोणती ओळ दाट व कोणती विरळ जाणार, हे ती काट्याआधी सांगेल.

पेरणीयंत्राविषयी जे सांगितले तेच फवारणीच्या पंपासही लागू आहे, आणि तेथे प्रश्न केवळ बियाण्याचा नसून जिवाचा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे उंच वाढलेली कपाशी, औषधांची मनमानी मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे चर्चिली गेली. परंतु गळका पंप व झिजलेले नोझल अंगावर औषध आणते, हे सांगण्यास कोणत्याही चौकशीची गरज नाही. औषधाचे प्रमाण क्षेत्रावर ठरलेले असते, शेतकरी मात्र ते ‘पंपाला किती’ असे विचारतो. एकरी मात्रा दहा पंपांत वाटून घेतली आणि प्रत्यक्षात एकरात पंधरा पंप रिते झाले, तर औषध दीडपट गेले. म्हणून पंप गळत नाही याची खात्री करून, त्यात साधे पाणी भरून, नेहमीच्या चालीने एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, फवारावी व किती पाणी खपले ते मोजावे. पाच लीटर खपले, तर एकरास दोनशे लीटर, म्हणजे सोळा लीटरचे साडेबारा पंप. औषध या हिशेबाने वाटावे. नोझलखाली भांडे धरून एका मिनिटात पडणारे पाणी नव्या नोझलच्या पाण्याशी ताडून पाहावे व ते दहा टक्क्यांहून अधिक भरल्यास नोझल टाकून द्यावे. हातपंप सोडून बॅटरीचा किंवा पेट्रोलचा पंप घेतला, की गुंठ्याची ही मोजणी पुन्हा करावी लागते, आणि फवारणारा माणूस बदलला तरीही, कारण प्रत्येकाची चाल निराळी असते.